रिपोर्ट नॉर्मल आहे, पण ती बरी नाहीये

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. पिपरी मेघेतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. मी, माझी रूममेट आणि गावाहून आलेले तिचे बाबा. मध्ये चटईवर एमआरआयचं भलंमोठं पाकीट. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून, नागपूरला जाऊन काढलेला एमआरआय.

काकांनी रिपोर्टची शेवटची ओळ मला तीनदा वाचायला लावली. ओळ इंग्रजीत होती, अर्थ एवढाच की मेंदूत काही दोष दिसत नाही. काकांनी मोठ्ठा सुस्कारा सोडला. आणि पुढच्याच मिनिटाला लेकीकडे वळून म्हणाले, "काहीच नाही निघालं ना? मंग कायले रडून राहिली पोरी?"

ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आणि खरं सांगते, त्या क्षणी मीसुद्धा काकांच्याच पार्टीत होते. मी म्हटलं, "अगं, नॉर्मल आलाय रिपोर्ट. आता तरी खूश हो ना!"

या आठवड्याची संपादकीयाची जागा मला मिळाली तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते माझं हे वाक्य. मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला असलेली, स्वतःला बऱ्यापैकी शिकलेली समजणारी मुलगी असं का बोलली? कारण माझ्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता. आजार असेल तर मशीनमध्ये दिसेल. दिसला नाही, म्हणजे नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात, आणि त्याहून जास्त तुमच्या घरच्यांच्या डोक्यात, हाच हिशेब असणार. तो चुकीचा आहे. तो नेमका कुठे चुकतो, ते आज जरा सविस्तर बघू.

नकाशा आणि घरातलं भांडण

आधी तिच्याबद्दल. तीन महिन्यांपासून तिची झोप पहाटे चारला तुटत होती. डबा उघडायचा आणि तसाच बंद व्हायचा. व्हायवाच्या आदल्या रात्री छातीत इतकी धडधड की ती उठून गॅलरीत फेऱ्या मारायची. आवडती गाणीसुद्धा बंद झाली होती. शिवाय डोकं सतत दुखायचं आणि एकदा कॉलेजच्या जिन्यात चक्कर आली. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तो या डोकेदुखी आणि चक्करसाठी. गाठ, सूज, रक्तस्राव असं काही नाही ना, एवढं बघायला. त्यात डॉक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं आमचं. आम्ही त्या एमआरआयला खरं-खोटं सांगणारं मशीन करून टाकलं.

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. तिथे काय चाललंय ते दाखवत नाही. घराचा नकाशा बघून खोल्या किती, भिंतीला तडा गेलाय का, हे कळतं. त्या घरात आठ दिवसांपासून कुणी कुणाशी बोललेलं नाही, हे नकाशात कुठे दिसणार?

मग तुम्ही विचाराल, काम दाखवणारं मशीन नाही का? आहे. आणि गेली पंचवीसेक वर्षं त्या मशीनमधून शास्त्रज्ञ नेमकं हेच शोधताहेत, की डिप्रेशन आणि अँग्झायटीमध्ये मेंदूतल्या सेरोटोनिनचं काय होतं. त्याची गोष्ट भारी आहे, आणि तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे.

सर्पगंधाची मुळी आणि एक शंका

सर्पगंधा तुमच्या आजीला माहीत असेल. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये या मुळीबद्दल लेख लिहिला. वाढलेलं ब्लड प्रेशर हिने उतरतं, हे त्यांनी रुग्णांवरच्या अनुभवातून जगाला दाखवलं. पुढे १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं होतं. १९५५ मध्ये अमेरिकेत प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की रेसर्पिन दिल्यावर सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात. त्याच काळात डॉक्टर नोंदवत होते, की रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात.

दोन आणि दोन चार झाले. सेरोटोनिन कमी, म्हणजे मन उदास! त्या नोंदींवर पुढे बऱ्याच शंका घेतल्या गेल्या, पण कल्पना टिकली. १९६० च्या दशकात तिला सिद्धांताचं रूप आलं. १९८७ च्या शेवटी अमेरिकेत फ्लुओक्सेटिन, म्हणजे प्रोझॅक, या औषधाला परवानगी मिळाली आणि जाहिरातींनी त्या सिद्धांताचं एक सोपं वाक्य करून टाकलं. मेंदूतलं केमिकल कमी झालंय, गोळीने भरून काढू. आज तुमच्या रील्समध्ये 'हॅपी हार्मोन' म्हणून फिरतं ते हेच वाक्य.

जाता जाता एक गंमत. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं. आणि रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, मध्ये एक गाळणी आहे. त्यामुळे केळी खाऊन त्यातलं सेरोटोनिन मेंदूत जाईल हा समज बाद. आणि कुणी रक्ताच्या थेंबावरून तुमच्या मेंदूतलं सेरोटोनिन सांगतो म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा.

लालपरीतल्या रिकाम्या सीटा

जिवंत माणसाच्या मेंदूतलं सेरोटोनिन बघायचं कसं? थेट बघताच येत नाही. इथे पेट स्कॅन कामाला येतो. आपण पेट-सीटी हे नाव कॅन्सरच्या संदर्भात ऐकतो. मशीनचं तत्त्व तेच, टोचायचं द्रव्य वेगळं.

समजा वर्धा बसस्टँडवर उभं राहून नागपूरच्या लालपरीत किती प्रवासी आहेत ते तुम्हाला मोजायचंय. पण प्रवासी तुम्हाला दिसतच नाहीत. मग तुम्ही काय करता? अंगावर दिवा लावलेली तुमची माणसं बसमध्ये सोडता आणि सांगता, जी सीट रिकामी दिसेल तिच्यावर बसा. मग बाहेरून दिवे मोजता. दिवे जास्त म्हणजे सीटा रिकाम्या.

पेट स्कॅनमध्ये सीट म्हणजे मेंदूतल्या पेशींवरचे रिसेप्टर, जिथे सेरोटोनिन येऊन बसतं. प्रवासी म्हणजे सेरोटोनिन. आणि दिवा लावलेली माणसं म्हणजे शिरेतून टोचलेलं, किंचित किरणोत्सारी द्रव्य. त्यातून निघणारे किरण मशीनची रिंग टिपते.

आता अडचण कुठे आहे ते बघा. दिवे कमी दिसले तर त्याचे अर्थ दोन. एक, बस प्रवाशांनी भरलीय. दोन, बसलाच सीटा कमी आहेत. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं! सेरोटोनिनच्या स्कॅनवर शास्त्रज्ञांमध्ये इतकी वर्षं जी भांडणं चाललीत, त्यातली बरीच इथून सुरू होतात.

दुसरी अडचण वेळेची. यातली अनेक द्रव्यं कार्बन-११ वापरून बनवतात. कार्बन-११ दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसमध्ये ठेवला तर तासाभरात, गाडी कल्याणच्या आसपास असताना, त्याचा आठवा हिस्सा उरेल. वर्धा तर लांबच राहिलं. म्हणून ते बनवणारं सायक्लोट्रॉन स्कॅनरच्या जवळच लागतं. आपल्या देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. म्हणजे हा स्कॅन रोजच्या ओपीडीतली तपासणी नाही, संशोधनाचं काम आहे.

स्कॅनमध्ये नेमकं काय दिसलं

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या वेन ड्रेव्हेट्स आणि सहकाऱ्यांनी डिप्रेशन असलेल्या लोकांचा पेट स्कॅन केला. सेरोटोनिनचा एक महत्त्वाचा रिसेप्टर, नाव ५-एचटी-१ए, त्यांच्यात कमी दिसला. बातमी गाजली. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रामिन पार्सी यांच्या गटाने तोच रिसेप्टर मोजला, आणि पूर्वी कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांत तो जास्त दिसला. रिसेप्टर एकच आणि उत्तरं मात्र उलटी. कुणी खोटं बोलत नव्हतं. मोजण्याची पद्धत वेगळी, रुग्ण वेगळे आणि दोन्हीकडे माणसं थोडी.

अँग्झायटीत तर आणखी मोठा धक्का. पॅनिक डिसऑर्डरमध्ये २००४ साली आणि सोशल अँग्झायटीमध्ये २००७ साली हाच रिसेप्टर काही भागांत कमी दिसला होता. सगळ्यांना वाटलं, इथेही सेरोटोनिनची कमतरता असणार. पण २०१५ मध्ये स्वीडनच्या उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांनी सोशल अँग्झायटी असलेल्या लोकांत सेरोटोनिन किती तयार होतंय तेच मोजलं. भीतीशी जोडलेल्या अमिग्डला या भागात ते जास्त तयार होत होतं. कमी नाही, जास्त! 'केमिकल कमी झालंय' हे वाक्य इथे कुठे बसवणार?

मग २०२२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या डेव्हिड एरिट्झो आणि सहकाऱ्यांनी एक शक्कल लढवली. आपल्या बसच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी दिवे दोनदा मोजले. एकदा साधे, आणि एकदा स्टँडवर मुद्दाम प्रवाशांची गर्दी सोडून. त्यासाठी ॲम्फेटामिन नावाचं औषध दिलं, ज्याने सेरोटोनिन बाहेर पडतं. निरोगी लोकांत गर्दी आली आणि दिवे कमी झाले. डिप्रेशन असलेल्यांत दिवे जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे त्यांच्या मेंदूची सेरोटोनिन सोडण्याची ताकद कमी पडत होती. आजवरचा हा सगळ्यात थेट पुरावा मानला जातो. पण माणसं किती होती? डिप्रेशन असलेले १७ आणि निरोगी २०. त्या १७ मध्ये काहींना पार्किन्सनही होता. तुमच्या वर्गातले एका बाजूचे बेंचसुद्धा याहून जास्त भरतात.

एक गोष्ट मात्र स्कॅनने स्वच्छ दाखवली. टोरांटोच्या जेफ्री मायर यांच्या गटाने दाखवलं, की एसएसआरआय गटातली औषधं नेहमीच्या डोसमध्ये सेरोटोनिन परत ओढून घेणाऱ्या पंपांपैकी साधारण ८० टक्के पंप अडवतात. म्हणजे गोळी मेंदूत पोहोचते आणि ठरलेलं काम करते. हे काम लवकर सुरू होतं, पण बरं वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदूत आणखी बरंच काही बदलत असणार. सेरोटोनिन हा या गोष्टीतला एक दुवा आहे, अख्खी गोष्ट नव्हे.

सरासरी म्हणजे तुम्ही नाही

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा. वर सांगितलेले सगळे निष्कर्ष गटाच्या सरासरीचे आहेत.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांची सरासरी उंची मुलींपेक्षा जास्त आहे, हे खरं. पण मी तुम्हाला फक्त एक आकडा सांगितला, पाच फूट पाच इंच, तर ती व्यक्ती मुलगा की मुलगी हे सांगता येईल? नाही येणार. सेरोटोनिनच्या स्कॅनचंही तसंच आहे. डिप्रेशन असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एका माणसाचा स्कॅन हातात घेऊन 'याला आहे' किंवा 'हिला नाही' म्हणता येत नाही. डॉक्टर ज्या नियमावलीने डिप्रेशनचं निदान करतात, तिच्यात कुठल्याही स्कॅनची अट नाही.

म्हणजे काकांनी शेत विकून आपल्या लेकीचा जगातला सगळ्यात महागडा स्कॅन केला असता, तरी 'ही खरं बोलतेय का' या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळालं नसतं. तो प्रश्न मशीनला विचारायचाच नव्हता. तिला विचारायचा होता.

मग गोळ्या खोट्या का?

इथे दुसरा खड्डा आहे, आणि माझी रूममेट त्यातही पडली. दिवाळीनंतर ती एकटीच मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. गोळ्या सुरू झाल्या. दीड महिन्याने झोप लागू लागली, डबा संपू लागला. मग एका रात्री तिने एक रील पाहिलं. 'सेरोटोनिन थिअरी खोटी निघाली, डॉक्टरांनी तुम्हाला फसवलं.' दुसऱ्या दिवसापासून तिने गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. चार दिवसांत चक्कर, मळमळ आणि डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. ती घाबरून रडत होती आणि मला वाटलं, परत एमआरआय काढावा लागतो की काय!

त्या रीलमागे एक खरा अभ्यास होता. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. कमी सेरोटोनिनमुळे डिप्रेशन होतं याचा सुसंगत पुरावा नाही, असं त्यांनी म्हटलं. त्यावर २०२३ मध्ये इतर अनेक शास्त्रज्ञांनी पद्धतीवर आक्षेप घेणारं उत्तर दिलं. हा वाद चालू आहे आणि तो चालायलाच हवा. पण 'आजाराचं कारण एवढं सोपं नाही' आणि 'औषध चालत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पाय मुरगळला की आपण बर्फ लावतो. म्हणून पायात बर्फ कमी पडला होता असं कुणी म्हणतं का?

औषध चालतं की नाही हे स्कॅनवरून ठरत नाही. माणसांना बरं वाटलं की नाही, हे मोजून ठरतं. २०१८ मध्ये लॅन्सेटने ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ लोकांचा हिशेब मांडणारा अभ्यास छापला. त्यात २१ पैकी २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक प्रचंड नव्हता, पण होता. आपल्या शेजारच्या गोव्यात २००३ मध्ये विक्रम पटेल यांच्या गटाने साध्या दवाखान्यांतल्या ४५० लोकांवर फ्लुओक्सेटिनची चाचणी घेतली होती. दोन महिन्यांनी खोट्या गोळीपेक्षा ते सरस होतं. त्या चाचणीत समुपदेशनाचा फायदा दिसला नाही. पण त्याच गोव्यात, २०१७ मध्ये छापलेल्या अभ्यासात, पद्धत सुधारून आणि प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करून घेतलं. तीव्र डिप्रेशन असलेल्यांपैकी तीन महिन्यांत ६४ टक्के लोक लक्षणांतून बाहेर आले. हे समुपदेशन न मिळालेल्या गटात ३९ टक्के.

म्हणजे गोळीही चालते, बोलणंही चालतं. कुणाला काय लागेल ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आपल्या वयात, म्हणजे पंचविशीच्या आत, गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे काहींच्या मनात वाईट विचार वाढू शकतात. म्हणून त्या काळात डॉक्टरांच्या संपर्कात राहायचं आणि घरातल्या किंवा खोलीतल्या एकाला तरी सांगून ठेवायचं. आणि गोळी बंद करायचीच असेल, तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. रील बघून अजिबात नाही.

पुरावा आपल्या शेजारीच आहे

मग डिप्रेशन ओळखायचं कशावरून? डॉक्टर विचारतात. कमीत कमी दोन आठवडे, जवळपास रोज, मन उदास आहे का? आवडीच्या गोष्टींतला रस गेलाय का? झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, स्वतःला नालायक समजणं, जगणंच नको वाटणं? त्यामुळे कॉलेज, काम, घर अडलंय का? थायरॉइड, हिमोग्लोबिन अशा तपासण्या करतात, त्या दुसरं शारीरिक कारण नाही ना हे बघायला. बाकी निदान ऐकून होतं. ऐकणं हीच तिथली तपासणी.

आणि ऐकण्याने किती फरक पडतो ते बघायला लंडनला जायला नको. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून, ओळखून, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत नेलं. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक मदतीपर्यंत पोहोचत होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७.२ टक्के झालं. हा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आला. त्यासाठी सायक्लोट्रॉन लागलं नाही. कुणीतरी दारात बसून विचारायला लागलं.

आपल्याकडे तर सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं आहेत, दोन्हींत मानसोपचार विभाग आहे. वर्ध्यात सरकारी जिल्हा रुग्णालय आहे. पिपरीतून यातलं काहीच लांब नाही. अंतर रस्त्याचं नाहीये. 'रिपोर्टमध्ये काय निघालं?' या प्रश्नाचं आहे.

आपलं मागणं

तर या पानाकडून तीन मागण्या.

घरच्यांकडे. पोरगं म्हणतंय बरं नाही वाटत, तर रिपोर्टची वाट बघू नका. आधी ऐका. रिपोर्ट नॉर्मल आला, तर गाठ नाही याचा आनंद जरूर माना. 'नाटक करतेस' हा निष्कर्ष मात्र त्यातून काढू नका. तो त्या कागदावर लिहिलेला नसतो.

कॉलेजांकडे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये, वर्गात, वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत हवेत. आपल्या परिसरात इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगपासून सगळी कॉलेजं आहेत. तुमच्या कॉलेजात समुपदेशक कोण, कुठल्या खोलीत, कुठल्या वेळेत बसतात, हे उद्या ऑफिसात जाऊन विचारा. उत्तर मिळालं नाही तर लेखी अर्ज द्या. मागणं हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

आणि तुमच्याकडे. मेंदूचे रंगीत फोटो दाखवून कुणी 'हा बघा डिप्रेशनचा मेंदू' म्हणालं तर विचारा, हा एका माणसाचा की गटाच्या सरासरीचा? किती जणांचा? तुमचं दुःख खरं ठरायला लाल-पिवळा डाग लागत नाही. आणि तुमच्या खोलीतलं कुणी पहाटे चारला जागं दिसलं, तर माझ्यासारखं 'खूश हो ना' म्हणू नका. "कधीपासून असं होतंय?" एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. सोबत जायची तयारी दाखवा. रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं, जगणंच नको वाटू लागलं, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा. स्वतःसाठी नाही तर दुसऱ्या कुणासाठी लागेल.

माझ्या रूममेटच्या गोळ्या परत सुरू झाल्या, यावेळी डॉक्टरांशी नीट बोलून. दर पंधरा दिवसांनी ती समुपदेशनालाही जाते. सगळं मस्त झालंय असं नाही, काही दिवस अजूनही वाईट जातात. हे सगळं तिला वाचून दाखवलं, तिच्या परवानगीनेच छापतेय. दिवाळीतल्या त्या वाक्याबद्दल मी तिला सॉरीही म्हटलं. ती म्हणाली, "बे, तू तर रिपोर्ट तरी वाचून दाखवला होता." काही काळ आम्ही दोघी हसत होतो.

एमआरआयचं पाकीट अजून आमच्या कपाटावर आहे. काका रोज रात्री फोन करतात. आधी विचारायचे, डॉक्टर काय म्हणाले. आता विचारतात, "झोप लागली का पोरी काल?"